हळदीला कॅमेरा आणू नका

माझ्या कॉम्प्युटरवर फोटोंचे तीनच फोल्डर आहेत. पाखरं, गावं आणि घरचे. पाखरांचा फोल्डर सगळ्यात फुगलाय, कारण पाखरं कधी म्हणत नाहीत की मी यात जाड दिसते, हा काढून टाक. गावांमध्ये बदामी आहे, हंपी आहे, आणि मंगळवेढ्याच्या रानातली ज्वारी तर इतकी आहे की शेजारीण विचारते, “काकू, कणसं मोजायला बसताय का?” घरच्यांमध्ये बारशी, जावळं, डोहाळजेवणं, साखरपुडे, लग्नं. त्यात मी कुठंच नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. वाढणारी बाई पंगतीत बसलेली दिसते का?

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहते. टेलिफोनच्या ऑफिसात क्लार्क होते, आता रिटायर झाले. लोक मला फटकळ म्हणतात आणि ते खोटं नाही. नवरा गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हतं. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत माणूस संपला. पुढच्या वर्षी ऑफिसची सहल बदामीला निघाली. घरात बसून करू काय, म्हणून नाव दिलं, आणि सहलीसाठी म्हणून एक साधा रोलचा कॅमेरा घेतला. छत्तीस फोटो काढले. त्यातल्या निम्म्यांत माझं बोट आलं होतं.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या जावेला मुलगी झाली. तेव्हा आम्ही सगळे एकत्र राहत होतो. बारशाला घर बायकांनी भरलं. पाळण्याभोवती सवाष्णी जमल्या, हळदीकुंकवाची कोयरी फिरायला लागली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पदर दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. असं तोंडावर कुणी म्हणतच नाही. आपलं आपल्याला कळतं आणि पाय तिथंच थांबतात. पण हातांचं काय करायचं ते मात्र कळत नाही. ताट उचलावं तर ते ओटीचं निघतं, वाटी उचलावी तर ती कुंकवाची. माझी सासू पाळण्यापाशी होती. तिनं मला बघितलं आणि तिच्या त्या खड्या आवाजात म्हणाली, “अगं, तितं काय उभारलीस? कॅमेरा हाय न्हवं तुझ्याकडं? काढ की फोटू!”

मी पळत जाऊन कॅमेरा आणला आणि थेट घोळक्यात घुसले. “सरका जरा, पाळणा दिसू दे,” मी म्हणत होते, आणि काय आश्चर्य, बायका सरकत होत्या! दोन मिनिटांपूर्वी जिच्या अंगावरून नजर बाजूला नेत होत्या, तिच्याकडं बघून आता हसत होत्या. त्या दिवशी मी आख्खा रोल संपवला. शेवटचे चार-पाच फोटो तर रोल संपल्यावर नुसतेच खटखट दाबले.

तेव्हापासून प्रत्येक आमंत्रणाच्या शेवटी एक वाक्य हमखास यायचं, “कॅमेरा घेऊन या हं.” मी घेऊन जायचे. हातात कॅमेरा असला की ही हळद का लावत नाही, ओटी का भरत नाही, हा प्रश्नच उरत नाही. त्यांचीही सुटका व्हायची आणि माझीही. नवरीच्या कपाळावरच्या अक्षतांचा दाणान् दाणा दिसेल इतक्या जवळ मी जायचे. तेवढ्या जवळ तिची सख्खी आत्यासुद्धा जात नसे. पुढं रोल गेले, डिजिटल आलं, लांब नळीची लेन्स आली, मी पाखरांच्या नादाला लागले. पण मला कॅमेऱ्याचं वेड नेमकं कशामुळं लागलं, असं कुणी खरंच विचारलं तर खरं उत्तर त्या बारशात आहे.

बारसं जिचं होतं ती पुतणी मला दोड्डव्वा म्हणते. आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात. दोड्ड म्हणजे मोठी, अव्वा म्हणजे आई, तर मोठी काकू ही मोठी आई. दिरानं जुळे सोलापुरात बंगला बांधला आणि ती मंडळी तिकडं गेली. मी सासूबाईंजवळ पेठेत राहिले, त्या गेल्यावरही तिथंच राहिले. पण पोरगी दर रविवारी यायची. स्कूटीवर मागं बसवून मी तिला हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. माझी बॅग धरून ती तासन् तास गप्प बसायची, आणि दहा वर्षांच्या पोरीनं गप्प बसणं म्हणजे काही खायचं काम नाही. रागही अगदी माझ्यासारखाच. रागावली की भांडायची नाही, बोलणंच बंद. जाऊ म्हणायची, “अक्का, ही तुमच्यावर कशी गेली हो? रक्ताचं तर काही नाही.” मला आतून लई बरं वाटायचं.

गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा हुबळीचा, नोकरी बंगळूरला. मी महिनाभर आधी लेन्स पुसून ठेवली. नवं कार्ड घेतलं, तिसरी बॅटरी घेतली. हळदीला कुठली खिडकी, कुठला उजेड, सगळं डोक्यात बसवलं. बारशाला जिचे फोटो काढले तिच्या हळदीचेही मीच काढणार, यापुढं आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल, असं मला खरंच वाटत होतं.

हळदीच्या चार दिवस आधी जावेचा फोन आला.

“अक्का, एक सांगायचं होतं. हळदीला कॅमेरा आणू नका म्हणतीय ती.”

“कोण म्हणतीय?”

“नवरीच की. फोटोवाले आहेत, ड्रोन आणणारेत म्हणं. आणि…”

“बरं बरं. ठेवते, माझं दूध उतू चाललंय,” म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूधबिध काही नव्हतं.

भाजीवालीशी चार काड्या कोथिंबिरीवरून अर्धा तास वाद घालणारी बाई मी. पण “का?” एवढं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. मग दोन दिवस घरात एकटीच बडबडत होते. ड्रोन! हळदीला ड्रोन कशाला गं बाई, फवारणी करायचीय का? बारशापासून सगळ्यांची तोंडं मी फोटोत सरळ केली आणि आता माझेच फोटो जुनाट झाले! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. भिंतीला ऐकवून ऐकवून घसा बसला.

पण खरं दुखणं वेगळं होतं आणि ते मला कळत होतं. कॅमेरा नाही तर मी तिथं जाऊन करू काय? साठीला आलेल्या बाईनं पुन्हा त्या दारात पदर धरून उभं राहायचं? आणि तेही नेमकं हिच्या हळदीला? मला भीती वाटत होती. राग त्या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेतला आणि हिप्परग्याला गेले. थंडीचे दिवस. तलावात चक्रवाकाची एक जोडी उतरली होती, भगव्या रंगाची, उन्हात नुसती झळकत होती. एरवी अशी जोडी इतक्या जवळ मिळाली असती तर मी नाचले असते. नऊच्या सुमाराला फोन वाजला. पुतणीचा. मी नाव बघितलं आणि तो पिशवीत टाकला. पुन्हा वाजला. सहा वेळा वाजला. मनात म्हटलं, आता पाहुण्यांनी विचारलं असेल, काकू कुठायत, म्हणून चाललंय सगळं. वाजू दे. सहाव्यांदा वाजला तेव्हा चक्रवाकसुद्धा उडून गेले. बारानंतर वाजला नाही. मी तिथंच दगडावर बसून डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. माझ्या घरचं कार्य चार कोसांवर चालू होतं आणि मी तळ्याकाठी एकटी भाकरी खात होते.

दुसऱ्या दिवशी लग्नाला गेले. मुद्दाम गळ्यात कॅमेरा अडकवून गेले आणि मुद्दाम एकही फोटो काढला नाही. मागच्या रांगेत बसून अक्षता टाकल्या. मग आहेर द्यायला स्टेजवर चढले. पुतणीनं माझ्याकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं.

“आलीस?”

“आले की.”

एवढंच. पाठवणीच्या वेळी मात्र ती माझ्या गळ्यात पडली आणि इतकं घट्ट धरलं तिनं मला की लेन्स माझ्या बरगडीत रुतली. पण शब्द नाही. मी समजले, पोरीला चूक कळलीय. माझी समजूत अशी होती! त्यानंतर चार महिने आमचे फोन झाले ते “जेवलीस का, पाणी येतं का” एवढ्यापुरतेच.

मग एक दिवस बाजाराला जाता जाता जाऊ लग्नाचा अल्बम ठेवून गेली. “बघून ठेवा अक्का, रविवारी नेते.” भला मोठा, पाटासारखा जड. दुपारी चहा घेऊन मी तो उघडला तो चुका काढायलाच. चुका होत्याही. चेहरे इतके गुळगुळीत केलेले की माझी जाऊ पंचविशीची दिसत होती. ड्रोनवाल्या फोटोत मांडवाचं छप्पर आणि चार टकली. मी एकटीच मोठ्यानं हसले.

हळदीची पानं आली. पहिल्याच फोटोत काहीतरी खटकलं. हळद कपाळावर, गळ्यावर, हातापायांवर, उजव्या गालावर. डावा गाल स्वच्छ. मला वाटलं, सुरुवात असेल. पान उलटलं, तसंच. पुढच्या फोटोत मावश्यांनी एकमेकींना रंगवून टाकलंय, दिराचं टक्कल पिवळं झालंय, नवरीचा उजवा गाल लिंपल्यासारखा, आणि डाव्यावर बोटाएवढीसुद्धा हळद नाही. आता फोटो काढणाऱ्या माणसाला हे उजेडाचं काम वाटणार. मी चष्मा पुसला, पान खिडकीशी नेलं. उजेडाचं नव्हतं. एका फोटोत तिच्या मामीनं डाव्या गालाकडं हात नेलाय आणि हिनं मामीचं मनगट धरून तो हात मधेच थांबवलाय. त्या फोटोत ती लेन्सकडं बघत नाही. दाराकडं बघतीय.

मी फोन लावला.

“काय करालीस?”

“दोड्डव्वा! काही नाही गं, भांडी आवरालते. बोल की.”

“अल्बम आलाय. हळदीत तुझा डावा गाल कोरा का आहे?”

तिकडं भांड्यांचा आवाज थांबला.

“आईनं तुला सांगितलं नव्हतं?”

“कॅमेरा आणू नको म्हणून सांगितलं.”

“आणि पुढचं?”

“पुढचं कुठलं?”

“तुझे हात मला मोकळे पाहिजेत म्हणून. पहिली हळद तू लावायचीस म्हणून. मी सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, लोक काय म्हणतील म्हणाली असतीस. आईनं बोलावलं की घरानं बोलावल्यासारखं होईल, म्हणून तिला सांगायला लावलं. बारा वाजेपर्यंत थांबवलं होतं मी सगळ्यांना. मग कुणी ऐकेना. लावा म्हटलं, पण हा गाल नाही लावू दिला कुणाला.”

“मग लग्नात बोलली का नाहीस गं?”

“मला वाटलं, तुलाच नको होतं. गळ्यात कॅमेरा घालून आलीस, मी काय समजायचं?”

पुढचं वाक्य जावेनं मुद्दाम गिळलं, की ते तिच्या ओठांवर असताना मी फोन ठेवला, हे मला अजून माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. फोन मी ठेवला होता, एवढं मला पक्कं माहीत आहे.

“मग आता?” मी विचारलं. माझं मलाच कळत होतं की हे वेड्यासारखं आहे.

“आता काय, दोड्डव्वा,” ती म्हणाली. “हळद एकदाच लागते की.”

रागावून म्हणाली असती तर मी सोसलं असतं. पण तिनं ते लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हटलं, आणि मी अल्बम मांडीवर घेऊन हमसून हमसून रडायला लागले. ती तिकडून “अव्वा, अव्वा” करत राहिली. दोड्ड म्हणायचं विसरली होती.