ट्रकचा पोळा

देशात संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांत आमच्या जसोंडीच्या घरात एक लष्करी ट्रक विलीन झाला.

महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेलं ते धूड मीच हौसेनं आणलं. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, सक्त विरोध. केळी स्टेशनावर बैलगाडीनंच जायची, हा त्यांचा कायदा! पण मी हट्टाला पेटलो आणि बैलजोडी तुकईथडला मामांच्या गोठ्यात रवाना केली. (संस्थानिकांना निदान तनखा तरी मिळाला!) आप्पा एवढंच म्हणाले, "एक दिवस जरी माल स्टेशनावर पोचला नाही, तं हे धूड इकीन अन् बैल परत आनीन."

पोळ्यापर्यंत ट्रकनं माझी लाज राखली. पोळ्याला मात्र रिकामा गोठा बघून मायचा, माझ्या आईचा, जीव कासावीस झाला. वर्षभर ओझं कोणी वाहिलं? ट्रकनं. मग सण त्याचाच! तिनं हेडलाइटना कुंकू लावलं, बोनेटवर झूल चढवली, मडगार्डवर गेरूचे ठसे उमटवले. मी पोटभर हसलो आणि जेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी केळीचे घड भरून निघालो. वेशीपाशी पोचतो न पोचतो तोच बोनेटखालून आवाज आला. गुडगुड... गुडगुड... फूऽऽस! मग एक लांब शिट्टी. असीरगढच्या किल्ल्यावर ऐकू गेली असेल! ट्रक जागीच थांबला. मागे कापलेला माल, स्टेशनात उभा मालगाडीचा डबा, आणि मागोमाग चालत आलेले आप्पा.

"मामाले निरोप धाडू का?" आप्पांनी शांतपणे विचारलं.

"थांबा नं आप्पा! मले आवाज ओळखू येतो."

मी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळकी काडी घेतली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. (डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो.)

"बेअरिंग गेली!" मी जाहीर केलं.

शेजारचे गुलाबकाका मान हलवत म्हणाले, "लढाईतली गाडी आहे बाप्पा! पोटात एखादा गोळा राहून गेला अशीन!"

जमलेला गाव झटक्यात मारुतीच्या देवळामागे गेला. मी मात्र पाने-पकड घेऊन भिडलो. बेअरिंगवरून मी व्हॉल्व्हवर आलो, व्हॉल्व्हवरून पिस्टनवर. दिसेल तो नट सोडवून परातीत टाकत होतो.

"अरे, वाफ तं समोरून निंघून राहिली!" गुलाबकाका देवळामागून ओरडले.

"काका, तुमाले इंजनातलं काय समजते?"

"ते नाही समजत. पन पुरनाचा वास समजते!"

खरंच वास येत होता. गूळ, वेलदोडा, जायफळ, सगळं शिस्तीत. "मिलिटरीच्या ऑइलचा वास असाच असतो," मी ठणकावून सांगितलं.

एवढ्यात माय आली. तिनं आजारी गाईला गोंजारावं तसा बोनेटवरून हात फिरवला. "बाधलं का रे याले?"

"काय बाधलं?"

"काल नैवेद्य भरवला नं मी. पुरनपोळ्या. बैलाइतक्या तरी खाईन, म्हटलं."

"माय! कुठून भरवला?"

"तूच तं दाखोलं होतं, हा इथून पानी पितो म्हनून. पितो तिथूनच खाईन नं?"

तिनं बोट दाखवलं ते रेडिएटरच्या तोंडाकडे!

इंजिन गार झाल्यावर खालचा नळ सोडला. पिवळंधमक पाणी आलं, मागोमाग डाळ आली. विहिरीवरून बादल्यांवर बादल्या आणून आम्ही ट्रकचं पोट धुतलं. गुलाबकाकांचं वासरू खालचा सगळा चिखल चाटून गेलं. नट परत बसवले (दोन उरले, ते मी खिशात टाकले) आणि हँडल मारलं. ट्रक गुरगुरला, एकदम सरळ, स्वच्छ! मला खरोखर रडू यायचंच बाकी होतं. इतकं सुटल्यासारखं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

डब्याचं दार लागायच्या आत आमचा शेवटचा घड आत गेला. परतताना आप्पा पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले.

"मंग आप्पा, ट्रक ठेवायचा नं?"

"ठेवू. गाडी गुनाची आहे."

माझी छाती फुगली. घरी येताच आप्पांनी बोनेटला साखळी गुंडाळली, कुलूप घातलं आणि किल्ली मायच्या हातात दिली.

"मायले? आप्पा, तिनंच तं पोळ्या कोंबल्या!"

"तिनं त्याच्या पोटात घातलं. तू तं त्याचं पोट फाडाले निंघाला होता!"

तेव्हापासून ट्रकमध्ये साधं पाणी घालायचं झालं तरी मला आधी चुलीपाशी जाऊन परवानगी काढावी लागे. परवानगी मिळे, पण माय सोबत येई. माझ्यावर लक्ष ठेवायला!