मला तिकडं धरतात

रविवार, १५ फेब्रुवारी २००४. ठिकाण, हिंगोलीकडच्या पुसेगावजवळचं माझं माहेर. हजर: आई, वडील, धाकटे काका, विद्यापीठातून आलेल्या एक बाई आणि मी. काकू हरभरा काढायला शेतात गेल्या होत्या. माझा धाकटा भाऊ जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्या बाई त्याच्याचसाठी आल्या होत्या.

तरुण माणूस अचानक गेल्यावर घरचे लोक ते दुःख कसं सोसतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. आमचं घर त्यांना अंगणवाडीताईंनी सांगितलं. वडिलांनी शेजारच्या एसटीडीवरून मला फोन केला. "शहरातल्या बाई रविवारी येऊन राहिल्या. तू ये. काय बोलावं ते आमाला समजत न्हाई."

मी हिंगोलीहून सकाळची पहिली एसटी धरली. सोबत साखर, चहापत्ती, बिस्किटं, न तुटलेले कप, भावाचा फ्रेम केलेला फोटो आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. मला अशा कामांसाठी बोलावतात. भाऊ गेला तेव्हाही असंच झालं. तो सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा. एका वळणावर जीप उलटली, मागे बसलेले सगळे वाचले, तो वाचला नाही. दवाखान्यातले कागद, पोलिसांचा पंचनामा, मंडप, भांडी, येणाऱ्या माणसांचं जेवण, सगळं माझ्याकडे आलं. तांदूळ आधी लागणार होते, म्हणून रडायचं मी नंतरवर टाकलं.

ते नंतर यायच्या आत तिसरा दिवस आला. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा निरोप: तुझं फिटलं, आता ये, नणंदेला बघायला पाहुणे येणार आहेत. आई-वडील दहाव्याची वाट बघत घरात बसले होते आणि मी हिंगोलीत रंगीत साडी नेसून पाहुण्यांसाठी पोहे भिजवत होते. पाहुण्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. लग्न काही जमलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास जिंतूरला माझे एक चुलत सासरे वारले. ऐंशीच्या पुढचे होते. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं सुतक मात्र मला पूर्ण दहा दिवसांचं, कारण ते आमच्या भावकीतले. देवाला हात लावायचा नाही, गोडधोड नाही, बाहेर जायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मला कुणी काम सांगत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले आणि रडले. दहाही दिवस रडले.

जाऊ म्हणाली, "तुमी तर जिंतूरच्या मामांजींना पाहिलंबी न्हाई. एवढं कशापायी?"

सासूबाई म्हणाल्या, "माया असती एकेकीला. तुझ्यासारखं न्हाई."

शेजारणी येऊन बघून गेल्या. सून असावी तर अशी, असं गल्लीत बोललं गेलं. जिंतूरची माणसं अजूनही भेटली की माझ्याशी जास्त आदरानं बोलतात. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायचंच असेल तर ते अशा एखाद्या बाईलाच, जिचं कामच हे ऐकणं आहे, असं मला वाटलं होतं.

बाईंनी बाजेवर फाईल उघडली. तिच्यात दोन प्रकारचे कागद होते. पांढऱ्यावर "पालकांसाठी" आणि पिवळ्यावर "भावंडांसाठी". मी उलट्या बाजूला उभी असूनही वाचलं. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि काय आधी सांगायचं, काय मागाहून, ते मनात जुळवून घेतलं.

"मुलं किती?" बाहेर बाईंनी विचारलं.

"येकच होता," आई म्हणाली.

मी कप घेऊन दारात उभी होते. बाईंनी लिहिलं आणि मान वर केली. "आणि या?"

"ही लेक हाय."

"मग दोन झाली ना?"

"दिलेली हाय ती, बाई. तिला तिकडं धरतेत."

काका हसले. "आमच्या रेशनकार्डातून नाव कटलं तिचं. सुतकबी तीनच दिवसांचं. तुमच्या कागदात काही येगळं असतंय का?"

बाई जरा अवघडल्या. "आमच्याकडेही तसंच आहे. एका घरात राहणारी माणसंच घ्यायची."

"बघा, शिकलेल्या लोकांचं आन् आमचं बराबर जमलं," काका म्हणाले. वडील म्हणाले, "चहा घ्या, मॅडम." पिवळा कागद फाईलमध्ये परत गेला.

पुढचा तासभर आई बोलली. झोप, जेवण, दुखणं, सगळं सांगितलं. पूर्णा नदीला पाणी सोडलं की सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे तुला जीपमधून नेऊन दाखवतो, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. पाणी सोडल्याचं कुणी बोलायला लागलं की ती अजून उठून आत जाते. हे मी पहिल्यांदा ऐकलं, तेही रिकामे कप गोळा करताना.

"त्याच्याविषयी कुणाशी बोलता का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. बोलाया कोण हाय?"

मी दर पंधरा दिवसांनी माहेरी येत होते. आईची औषधं, वडिलांचा चष्मा, शेळ्यांची पेंड, काही चुकवलं नव्हतं.

बाईंना एसटीपर्यंत सोडायचं कामही माझंच. रस्त्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही फार खंबीर आहात. कशा सावरलात?"

"मी सावरले हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी फाईल पुन्हा उघडली. मग त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला. "पिवळा कागद पोस्टानं पाठवते. नियम जरा बघावा लागेल." गाडी आली आणि त्या गेल्या. असल्या शब्दांवर मी विसंबत नाही. पण दोन महिन्यांनी कागद खरंच आला. सोबत चिठ्ठी होती: वेगळ्या घरात राहत असाल तर नात्याची खात्री म्हणून शेवटी पालकांपैकी एकाची सही किंवा अंगठा घ्यावा.

मी एका दुपारी तो भरला. चुलत सासऱ्यांचे ते दहा दिवस मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. शेवटची ओळ छापलेली होती, "ही व्यक्ती मृताची सख्खी बहीण / सख्खा भाऊ आहे". मी "सख्खा भाऊ" खोडलं. वडिलांना सही येत होती. त्यांनी विचारलंही नसतं, केली असती. पण मला त्यांची सही नको होती.

आई अंगणात तूर निवडत होती.

"माय, यावर अंगठा पाहिजे."

"कशाचा?"

"मी त्याची बहीण आहे म्हणून."

"त्याला काहून अंगठा लागतो? साऱ्या गावाला ठाऊक हाय."

"त्या बाईंना तू एकच सांगितलंस."

तिनं सूप हलवलं. खडे एका बाजूला आले, ते वेचून टाकले. "तसं म्हणतेत. त्यात तुला काय झोंबलं? तुला आमी काय कमी केलं का?"

"कमी नाही केलं."

"मग? ऊन चढून राहिलं, माझं हे होऊ दे. देते मागून."

मागून काकू आल्या, मग पाऊस-पाण्याचं बोलणं निघालं, मग माझी गाडी. पुढच्या खेपेला तिला ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला मीच विषय काढला नाही. पुढं वडील गेले, तेव्हाही मला तीनच दिवस मिळाले. दहावं काकांच्या मुलानं केलं. बाईंचा अभ्यास केव्हाच संपला. काम पूर्ण झालं, सहकार्याबद्दल आभार, असं त्यांचं छापील पत्र आईच्या नावानं आलं. ते मीच तिला वाचून दाखवलं.

आता कागद कुणालाच पाठवायचा नाही. तरी माहेरी जाताना तो पिशवीत असतो, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं तेल आणि स्टॅम्प पॅडच्या सोबत. पॅड लागतंच, कारण आईचे बँकेचे, रेशनचे, तलाठ्याचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्यावर तिचा अंगठा घेतला. तिला आता नीट दिसत नाही. मी बोट धरून जिथं टेकवीन तिथं ती दाबते, काय आहे ते विचारत नाही. पिवळा कागद खाली सरकवला असता तरी तिला कळलं नसतं.

"झालं का सारं?" तिनं विचारलं.

मी ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसलं आणि पॅड बंद केलं. बाकीची कामं झाली आहेत. तो अंगठा घ्यायचा राहिला आहे.