इन्स्पेक्टरच्या कोटाचं बटण

आमची आत्या कपडे शिवते, जुने दुरुस्त करते आणि माणसाचे कपडे बघून त्याच्या घरात काय चाललंय ते सांगते. शेवटचं काम फुकट. गिऱ्हाईक बाहेर पडायचा अवकाश, की आत्या सुरू, "याची बायको माहेरी गेलीय. कॉलर बघितलीस?"

तिचा जीव की प्राण म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतला इन्स्पेक्टर. मालिका लागली की मशीन बंद, इस्त्री बंद, तोंड बंद. गिऱ्हाइकाने गपगुमान बसून बघायचं, नाहीतर चालू पडायचं. समोरचा औषधवाला तर आपलं दुकान वाऱ्यावर सोडून यायचा. त्या दोघांचं एकच भांडण. औषधवाला म्हणायचा, इन्स्पेक्टर सडाफटिंग आहे. आत्या उसळायची.

"डोळे आहेत की बटणं? त्याच्या कोटाचं दुसरं बटण बघा. बाकीची काळ्या दोऱ्याने, हे एकटं निळ्या. घरी बाई आहे, सांगून ठेवते!"

"अहो, मालिकेच्या शिंप्याने लावलं असेल."

"काळ्या कोटाला निळा दोरा? शिंपी आहे की कोण? काहीतरीच तुमचं!"

मी तिच्या भावाची मुलगी, तिनेच वाढवलेली, तिच्याच हाताखाली शिकलेली. माझी एक मैत्रीण आहे, बेकरीत केक सजवते. आम्ही दोघी एका खोलीत राहतो आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. आत्याची समजूत अशी, की पोरींना एकमेकींची सोबत होते. खरं सांगायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी व्हायचे. आत्या तुटली असती तर मला दुसरं होतं कोण?

त्या दुपारी मालिकेत इन्स्पेक्टर आपल्या घरी आला. कोट काढून त्याने खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीच्या हातात दिला. बटण पुन्हा लोंबत होतं. घड्याळजीने चष्मा लावला, सुईत निळा दोरा ओवला. इन्स्पेक्टरने त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाला, "आता लपवणं पुरे. आपण दोघं एकत्र आहोत, हे मी उद्या सगळ्यांना सांगणार."

मी टीव्हीकडे बघतच नव्हते, आत्याकडे बघत होते. तिचा हात तोंडावर गेलेला. आता ही टीव्ही बंद करणार, आणि माझाही विषय कायमचा संपणार.

आत्या ताडकन उठली. मांडीवरची पँट खाली, टाचण्यांचा डबा खाली, टाचण्या दुकानभर.

"निळा दोरा!" ती किंचाळली. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं घरी कोणीतरी आहे?"

"तुम्ही बाई म्हणाला होतात," औषधवाला म्हणाला.

"माणूस निघालं ना? मग झालं तर!" तिने त्याचे दोन्ही हात धरून त्याला गरागरा फिरवलं. मग टीव्हीलाच बजावलं, "सोडू नकोस हो याला! टाका बघ किती सुबक घालतोय." आणि गळ्यातल्या मापाच्या टेपनेच डोळे पुसायला लागली. "बिचारे गं! कोणाला भ्यायचे इतके?"

मला हसू येत होतं की रडू, देव जाणे. समोरून गिऱ्हाईक बोंबलायला लागलं तसा औषधवाला धावत गेला. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचत होतो, खिदळत होतो. मध्येच आत्याने माझं मनगट पकडलं आणि बाहीचं बटण निरखलं.

"हा टाका तुझा नाही."

मी हात सोडवायला बघितलं.

"बटण लावलंय की पोत्याचं तोंड बांधलंय? कधीची बघतेय मी. वाटायचं, एखादा मुलगा आहे, सांगेल सावकाश." तिने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे इथेही तीच चूक केली होय गं मी?"

मी मान हलवली.

"केकवाली?"

"हो."

आत्याने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला. "भवाने, मला भ्यायचीस?"

मी तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडले. तिनेही नाक ओढलं.

"उद्या घेऊन ये तिला," ती म्हणाली. "आधी बटण लावायला शिकवते. बाकीचं मग बोलू."