काकूंच्या टॅबवरची तारीख

चूक सापडल्यावर आमच्या शेजारच्या काकांइतका खूश होणारा माणूस अख्ख्या थेरगावात नसेल. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर तयार मालातली खोट शोधली. निवृत्तीनंतर ते टोमॅटो उन्हात धरून फिरवून बघायचे, चपातीची जाडी मोजायचे आणि लग्नपत्रिकेत शुद्धलेखनाची चूक दिसली की यजमानांना फोन करून ती अभिनंदनाच्या सुरात सांगायचे. साठीनंतर मोबाइलवर धडे बघत ते वेबपेज बनवायला शिकू लागले, तेव्हा तर त्यांना खजिनाच गवसला. "राव, इथं ओळीओळीला चुका निघतात!" असं मला जिन्यात अडवून सांगायचे. मीही हिंजवडीत हेच काम करतो, पण इतक्या आनंदानं कधी केलेलं नाही.

हा खटाटोप काकूंसाठी होता. त्या अलीकडे फार विसरत. बंगळूरची लेक कधी येणार, हे दिवसभर विचारत, आणि काका भाजी आणायला गेले की कासावीस होत. म्हणून काकांनी टॅबवर एक पान बनवलं. वर आजचा वार, खाली लेकीची खबर. तिची तारीख यायची असेल तर 'लेक येणार आहे', उलटली की 'लेक येऊन गेली'. काकूंना दाखवायची इतकी घाई, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माल न तपासता सोडला.

त्याच सकाळी त्यांनी मला हाक मारली. काकू टॅब मांडीवर घेऊन रडत होत्या.

"अहो, ती येऊन गेली, आणि मला कसं आठवत नाही? मी तिला जेवू तरी घातलं का?"

त्या दिवशी पंचवीस ऑक्टोबर होता. लेक यायची होती दोन नोव्हेंबरला. मी कोड उघडला. काकांनी तारखा साध्या मजकुरासारख्या लिहिल्या होत्या, आणि मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षरानं होते. '२५/१०' मधला दोन '०२/११' मधल्या शून्याहून मोठा, म्हणून पानाच्या लेखी दोन नोव्हेंबर कधीच होऊन गेला होता.

"काका, आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस असं लिहा."

त्यांनी दुरुस्त केलं, पण हसले नाहीत. काकूंचा हात धरून "माझं चुकलं गं, तू काही विसरली नाहीस," असं कितीतरी वेळ सांगत राहिले.

लेक आली, राहिली, गेली. दुसऱ्या दिवशी पान अगदी बरोबर होतं: 'लेक येऊन गेली'. काकू उठायच्या आत काकांनी ती ओळ बदलली. संध्याकाळी मी गेलो, तर टॅबवर 'लेक येणार आहे' आणि काकू निवांत शेंगा सोलत बसलेल्या.

"तारीख कुठली टाकलीत?" मी हळूच विचारलं.

"नाही टाकली," काका म्हणाले. "येईलच की ती."

आणि काकूंशेजारी बसून तेही शेंगा सोलू लागले.