धम्मपालच्या अंगातला देव

म्हसवडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या धम्मपाल ट्रकवाल्याची ही गोष्ट. पण आधी त्याच्या बापाचं ऐका. छप्पन साली बौद्ध झाल्यावर यल्लाप्पानं घरातले सिद्धनाथाचे टाक धोतरात बांधून विहिरीत सोडले, आणि दुसऱ्या सकाळी त्याच विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन म्हणाला, "काल हुतं तसंच लागतंय." असला बाप.

सत्त्याण्णव साली धम्मपाल गाडी सोडून घरी आला तो वाळून काटकी झालेला. डॉक्टरांनी एड्स सांगितला होता. त्यानं बायकोपासून लपवलं नाही, आणि ती, आम्रपाली, लेकीला घेऊन कवठे महांकाळला माहेरी गेली. गावात खरं मला तेवढं ठाऊक. बाकीच्यांना नुसता संशय. तरी बाळासोच्या हॉटेलात त्याचा ग्लास वेगळा झाला, अंगणात कुणी फिरकेना. मी जायचो. पण मी बोलायला लागलो की दुसऱ्याला वाव राहत नाही, तेव्हा त्याला सोबत कितपत झाली कोण जाणे. बिचारा दाराजवळ दोन पाट मांडून बसायचा.

सांगलीचे एक डॉक्टर त्याच्यावर नवीन उपचार करून बघत होते. रोज गोळ्या, त्या विषाणूला वाढू देत नाहीत. आणि दर दोनेक महिन्यांनी काही दिवस इंजेक्शन, ते रोगाशी लढणाऱ्या, अंगातल्या झोपलेल्या शिपायांना उठवतं. गुण येईलच असं डॉक्टरही म्हणत नव्हते. पण शिपाई उठले की ताप फणफणायचा आणि अंग असं हलायचं की खाली बाज करकरायची. धम्मपाल मग घोंगडं घेऊन उन्हात बसायचा.

एका रविवारी हरणाबाई धनगरीण हरवलेली शेळी हुडकत तिथनं चालली होती. तिनं बघितलं, डोळे लाल, दात वाजतायत, माणूस घुमतोय. ती हात जोडून म्हणाली, "देवा, माजी शेळी कुटं हाय?" धम्मपालला तहान लागलेली. तो ओढ्याकडं बघून "पाणी, पाणी" एवढंच बोलला. हरणाबाई ओढ्याला गेली, आणि शेळी तिथं पाणी पीत उभी!

झालं. यल्लाप्पानं बुडवलेला सिद्धनाथ लेकाच्या अंगातनं वर आला, गावानं ठरवूनच टाकलं. रोग-बीग काही नव्हता म्हणे, देवानंच त्याला वाळवला होता. पुढच्या इंजेक्शनाला अंगण भरलं. भाऊसो पाटील, जो बौद्धांच्या आळीला कधी आला नव्हता, तो जमिनीवर मांडी घालून बसला. कुणी नारळ ठेवला, कुणी भाकरी आणली. धम्मपाल होय म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. मला म्हणाला, "आण्णा, आबानं बघितलं असतं तर मला हाणलं असतं. पर किती माणसं आली, बघितली न्हवं?"

त्याच्या पुढच्या खेपेला मनुबाई आपल्या लेकाला, गुंडाला, धरून घेऊन आली. तोही ट्रकवरचाच. गाल बसलेले, खोकला थांबत नाही, तोंडात पांढरा चट्टा. धम्मपालनं ते तोंड ओळखलं. आरशात त्याला रोज तसलंच दिसायचं. मनुबाईनं पदर पसरला आणि भंडारा मागितला. भंडारा दिला असता तर ती सुखानं घरी गेली असती.

अंग हलतच होतं, त्यातच तो बोलला, "मनुमावशी, ह्यो देव न्हाई. सुईचा ताप हाय. मला एड्स हाय. गुंडाला सांगलीला न्या, लगोलग."

भाऊसो धोतर झटकून उठला. बायका नारळ उचलून नेऊ लागल्या. मनुबाई तेवढी जाताना म्हणाली, "वाटोळं हुईल तुजं." थोड्या वेळानं अंगणात तो आणि मी. मी दुसरा पाट ओढून त्याच्याशेजारी बसलो.

महिन्याभरानं तो तपासणीला निघाला, मी सोबत. एसटीत चढलो तर सगळ्यात मागं गुंडा, तोंडाला मफलर. आम्हाला बघून त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावरही आमच्यापासून लांब उभा राहिला, कुठली वाट धरायची ते न कळल्यागत रस्त्यांकडं बघत. मी हाक मारणार तोच धम्मपालनं माझा हात दाबला. मग दवाखान्याच्या वाटेनं धम्मपाल पुढं चालू लागला, अगदी सावकाश, वळणावर थांबत थांबत, एकदाही मागं न बघता.