इस्माईलच्या कमरेचं मोजमाप

जालना जिल्ह्यात गोल्फचं मैदान आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. आमच्या लोखंडाच्या कारखान्याने वडीगोद्रीच्या अलीकडे जमीन घेऊन ठेवली होती. पुढेमागे तिथे शेड उभारायची होती. तोवर मालकांनी पाहुण्यांसाठी गवत लावून नऊ झेंडे रोवून घेतले. त्या गवताची निगा राखायला अठरा वर्षांपूर्वी तीर्थपुरीचा इस्माईल नद्दाफ कामाला लागला.

त्याचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे. लहानपणी तोही त्यांच्यासोबत गावोगाव हिंडला होता. मैदानावर आल्यावर पाहुण्यांचं बघून त्याने वाकवलेल्या लोखंडी सळईने चेंडू मारायला सुरुवात केली. पाच वर्षांत त्याला हरवू शकेल असा पाहुणा राहिला नाही. काठी मागे नेऊन चेंडूवर आणायची जी सगळी हालचाल असते तिला स्विंग म्हणतात. इस्माईलचा स्विंग कोणत्याही पुस्तकात बसणारा नव्हता. तो इतका मागे वळायचा की त्याची पाठ झेंड्याकडे व्हायची, आणि हात अजून वर जात असतानाच कंबर परत फिरू लागायची. चेंडू मात्र सरळ जायचा.

व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळवण्यासाठी दरवर्षी डिसेंबरात गुजरातमध्ये चार दिवसांची निवड स्पर्धा होते. इस्माईल दोनदा गेला. पहिल्यांदा दोन फटक्यांनी हुकला, दुसऱ्यांदा एका. त्यानंतर मालकांनी त्याला बोलावून सांगितलं, "या वर्षी कार्ड आण. मैदान ठेवतो, तू पोरांना शिकव. नाही आणलं तर पुढच्या मार्चमध्ये शेडचं काम सुरू."

तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. बाकीचे खेळाडू विशी-पंचविशीतले, त्याच्यापेक्षा लांब मारणारे.

कारखान्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. शिक्षण वाणिज्य शाखेचं, खेळाशी संबंध नाही. तरी एका मासिकात मी वाचलं की प्रत्येकाची हाडं, सांधे आणि ताकद वेगवेगळी असल्यामुळे एकच स्विंग सर्वांना लागू पडत नाही. खेळाडूचं शरीर मोजून त्याला साजेसा स्विंग बसवून देता येतो. पुण्यात असं मोजमाप करणारी एक खासगी प्रयोगशाळा होती. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की जूनपर्यंत जागा नाही, पण कोणीतरी नाव काढून घेतल्यामुळे बुधवार, २६ मार्च २०२५, दुपारी चारची वेळ मोकळी आहे. मी लगेच होकार कळवला.

सोबत एक इंग्रजी फॉर्म होता. तो मी दोन दिवस आधी कार्यालयात बसून भरला. नाव, वय, वजन, जुन्या दुखापती. शेवटी तीन प्रश्न होते: शेवटचं जेवण कधी झालं, पाणी किती प्यायलं, आदल्या रात्री झोप किती झाली. रकाना रिकामा सोडायचा नाही ही माझी जुनी सवय. मी लिहिलं, दोन तासांपूर्वी, पुरेसं, आठ तास. इस्माईलने खाली सही केली.

त्या दिवशी रमजानचा पंचविसावा रोजा होता. आदली रात्र नमाजात जागण्याची, म्हणून तो रात्रभर मशिदीत होता. पहाटे सहेरीचं खाणं उरकून तो सरळ गाडीत येऊन बसला. त्याची बायको मैमूना दारापर्यंत आली होती.

"साहेब, यांना तुम्हीच सांगा," ती मला म्हणाली. "सफरमध्ये रोजा माफ असतो. ईदनंतर एक धरला की झालं."

"बावीस वर्षांत एक सोडला न्हाई," इस्माईल म्हणाला. "चला साहेब, उन्हं व्हायच्या आत नगर गाठू."

दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला पडावं, असं वाटून मी गाडीत बसलो. नगरला मी जेवलो, तो गाडीत डोळे मिटून बसला होता.

प्रयोगशाळेतल्या कल्याणी मॅडम तिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी इस्माईलच्या खांद्यांवर, कमरेवर, गुडघ्यांवर चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवल्या. चारी बाजूंनी कॅमेरे होते. पायाखालच्या पत्र्यांवर कोणत्या पायाचा किती जोर पडतो ते उमटत होतं. त्यांनी पाण्याची बाटली दिली, ती इस्माईलने अदबीने घेऊन बाजूला ठेवली. फॉर्म चाळत त्या म्हणाल्या, "जेवण, झोप, सगळं व्यवस्थित आहे ना इस्माईलभाई?"

इस्माईलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बराबर आहे मॅडम."

त्याने साठ चेंडू मारले. निष्कर्ष असा निघाला की त्याची कंबर जेमतेम फिरते, डाव्या पायाचा जोर कमी पडतो, आणि या शरीराला न पेलणारा स्विंग तो करतो आहे. काठी एवढी मागे नेऊ नये, वजन सुरुवातीपासून डाव्या पायावरच ठेवावं, कमरेची उणीव हातांनी भरून काढावी. कल्याणी मॅडमनी सगळं कागदावर काढून दिलं. परतताना सूर्यास्ताला शिरूरजवळ गाडी थांबवून त्याने खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि कागद पुन्हा उघडला.

"मॅडम म्हणती ते खरंय साहेब. आज कंबर फिरतच नव्हती. सतरा वर्षं मी चुकीचं करून राह्यलो."

ईदनंतर तो रोज दोनशे चेंडू नव्या पद्धतीने मारू लागला. पहिले काही दिवस बरे गेले. मग चेंडू डावीकडे पळू लागला. मैदानाच्या डाव्या अंगाला मच्छिंद्रचं शेत होतं, पावसाळ्यात त्यात कपाशी उभी राहिली. तो मैदानावर पाणी सोडायचं काम करायचा.

"उस्ताद, चेंडू कपाशीत जाऊन राह्यलेत," मच्छिंद्र म्हणायचा. "यंदा वेचणीला दोन बाया जास्तीच्या लावाव्या लागतील."

"वेच की. तुझ्या बोंडापेक्षा मोठे निघतील."

"अन् जुना फटका कुठं ठेवला? तो बरा होता की."

"तो चुकीचा होता. मशीनमध्ये निघालंय."

चेंडू जितका डावीकडे जाई तितकं इस्माईलला वाटे, कंबर अजून जास्त फिरते आहे, ती आणखी आवरली पाहिजे. जुन्या फटक्याचा हात आला की तो स्वतःवर चिडायचा. दिवाळीपर्यंत तो हात यायचा बंद झाला.

डिसेंबरच्या स्पर्धेला मी बरोबर गेलो. दुसऱ्या दिवशीच चित्र स्पष्ट झालं. चौथ्या दिवशी तो अकरा फटक्यांनी मागे होता. शेवटचा चेंडू खड्ड्यातून काढून त्याने पुसला आणि टोपी काढून सोबतच्या पोरसवदा खेळाडूशी हात मिळवला.

मी निकाल कळवल्यावर कल्याणी मॅडमना ते लागून राहिलं. त्यांनी जानेवारीत आपणहून परत बोलावलं, त्याच गोळ्या चिकटवल्या आणि थोड्या वेळाने यंत्र बंद करून स्टुलावर बसल्या.

"इस्माईलभाई, मार्चमध्ये तुम्ही आजारी होता का?"

"न्हाई मॅडम. रोजा होता. अन् रात्री जागलो होतो."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"साहेबांनी कागदावर लिहून दिलेलं होतं. त्यांच्यासमोर मी कसं म्हणू, की हे खोटं आहे?"

त्यांनी फॉर्म काढला. अक्षर माझंच होतं. शांतपणे त्यांनी समजावलं. ती कंबर उपाशी आणि न झोपलेल्या माणसाची होती. रोज जेवणाऱ्या इस्माईलची कंबर चांगली फिरते, आणि त्याचा जुना स्विंग नेमका त्या कमरेसाठी घडला होता. कमी फिरणाऱ्या कमरेसाठी हातांना शिकवलेलं काम चांगल्या कमरेबरोबर चेंडू डावीकडेच नेणार.

"मग जुनं परत करू," मी म्हणालो.

"जुन्या स्विंगची खरी मोजमापं कुठे आहेत? माझ्याकडे फक्त त्या दिवसाची आहेत. कोणी व्हिडिओ काढला होता का?"

कोणीच काढला नव्हता. सतरा वर्षांत कोणाला त्याची गरज वाटली नव्हती. नव्या आकड्यांवरून नवा स्विंग बसवता येईल, पण हातात मुरायला दीड-दोन वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितलं. इस्माईलने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांचे आभार मानले.

गाडीत मी म्हणालो, "इस्माईल, चूक माझी आहे."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं साहेब. मी बोललो न्हाई, ती माझी. आता कुणाची का असंना."

ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये मैदानावर शेडसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली. इस्माईलला कारखान्याच्या फाटकाशी बगीच्यावर घेतलं. मालकांना मी दोनदा लेखी कळवलं की दोष माझ्या फॉर्मचा होता. त्यांनी कागदावर 'पाहिले' एवढंच लिहून परत पाठवला. जूनमध्ये मी निवृत्त होतो आहे.

परवा फाटकाजवळच्या हिरवळीवर एका जुन्या पाहुण्याने त्याला ओळखलं, गाडीतून काठी काढून दिली आणि एक फटका दाखव म्हणाला. इस्माईलने काठी हातात घेतली, दोन्ही पाय रोवले आणि काठी मागे नेऊ लागला. अर्ध्यावर हात थांबले. मग काठी रुमालाने पुसून पाहुण्याला परत देत म्हणाला, "मी आता गवताचंच बघतो साहेब."