कुलपाचं पत्र
करपलेल्या कॉफीचा वास आला की विक्रोळीचं ऑफिस आठवतं. परदेशातल्या वकिलांसाठी त्यांच्या खटल्यांचे कागद आम्ही तिथे वाचायचो आणि त्यातून पुरावे निवडायचो. मग वाचन सॉफ्टवेअरकडे गेलं आणि आमच्याकडे उरली 'तपासलं' अशी सही. एकदा कारखान्यातल्या आगीचा खटला आला. सॉफ्टवेअरने बाद केलेल्या कागदांत मला एका कामगार बाईचं हाताने लिहिलेलं पत्र सापडलं. मागच्या दाराला कायम कुलूप असतं, असं तिने आगीच्या आधीच मालकाला कळवलं होतं. "सही कर ना, आजच पाठवायचंय," टीमलीडर म्हणाली. "हे पुराव्यांत घेतल्याशिवाय नाही करणार." "नोकरी जाईल गं." "जाऊ दे." तिने पत्र वाचलं आणि पुराव्यांत घेतलं. पुढच्याच महिन्यात माझी नोकरी गेली. आजही कुणी न वाचता सही मागितली, तर मी खुर्ची ओढून आधी वाचायला बसते.